धाकाची किंमत

वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर तीन ठिकाणे शोधावीत. वर्धा शहराच्या कुशीत सेवाग्राम, नागपूरच्या वाटेवर धाम नदीकाठी पवनार, आणि पश्चिमेला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर पुलगाव. सेवाग्रामला गांधीजींची मातीची कुटी आहे, पवनारला विनोबांचा आश्रम आहे आणि पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातले सर्वांत मोठे. सकाळी वर्ध्याहून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत तिन्हीकडे जाऊन येईल. पुलगावात अर्थात कुंपणाबाहेरूनच परतावे लागेल. अण्वस्त्रांच्या नीतिमत्तेवर विचार करायला याहून सोयीचा जिल्हा देशात सापडणे कठीण. कारण या प्रश्नाची तीन टोके इथे एकमेकांच्या शेजारी नांदतात.

आधी प्रश्न नीट मांडू. अण्वस्त्रधारी देशांचे म्हणणे असे की, ही शस्त्रे वापरण्यासाठी नाहीत. समोरच्याने आपल्यावर हल्ला करण्याचे धाडस करू नये, म्हणून ती आहेत. तू माझे शहर बेचिराख केलेस तर मी तुझे करीन, ही खात्री दोन्ही बाजूंना असली की दोघेही गप्प बसतात. अभ्यासक याला प्रतिरोधन म्हणतात. या प्रकरणात आपण त्याला धाकच म्हणू. हा धाक चालतो का, हा युद्धशास्त्राचा प्रश्न झाला. आपला प्रश्न वेगळा आहे. जे कृत्य करणे कोणत्याही धर्माला, कोणत्याही कायद्याला मान्य होणार नाही, ते करण्याची तयारी रोज, वर्षानुवर्षे बाळगून शांतता राखणे योग्य आहे का? आणि योग्य नसेल, तर त्याची किंमत कोण मोजतो?

सेवाग्राम : दोन बाजूंचा हिशेब

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसे मेली. गांधीजींचे ‘हरिजन’ ऑगस्ट १९४२ पासून बंद होते. ते फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. ७ जुलै १९४६ च्या अंकात त्यांनी अणुबॉम्बवर सविस्तर लिहिले.

त्या लेखाचे निमित्त महत्त्वाचे आहे. काही अमेरिकी मित्रांचे म्हणणे त्यांच्या कानावर आले होते की, हा बॉम्ब इतका भयंकर आहे की त्याच्या किळसेनेच जग हिंसेपासून दूर जाईल. पुढे शीतयुद्धात जो सिद्धांत शास्त्र म्हणून मिरवला, त्याचे हे पहिलेवहिले रूप. गांधीजींनी ते साफ नाकारले. गोडधोड खाऊन मळमळलेला माणूस काही काळ ताटाकडे पाहत नाही, पण मळमळ ओसरली की दुप्पट हावरेपणाने जेवायला बसतो. जगाचेही तसेच होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. भीतीने आलेला संयम भीती सरली की सरतो. आणि बॉम्बला प्रतिबॉम्बने उत्तर देऊन बॉम्ब नाहीसा होत नाही.

त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. जपानच्या देहाचे काय झाले ते दिसतेच आहे. पण ज्या राष्ट्राने हा बॉम्ब टाकला, त्याच्या आत्म्याचे काय झाले हे कळायला अजून अवकाश आहे, असा त्यांचा आशय होता. शस्त्र ज्याच्यावर पडते त्याची जखम मोजायची आपल्याला सवय आहे. शस्त्र ज्याच्या हातात असते त्याच्याकडेही एक खाते उघडते, हे त्यांनी सुचवले. धाकाच्या नीतिमत्तेची सगळी चर्चा या दुसऱ्या खात्याची आहे.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९४६ मध्ये, गांधीजी सेवाग्रामहून गेले ते परत आलेच नाहीत. जानेवारी १९४८ च्या अखेरीस दिल्लीत मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकी छायाचित्रकार-पत्रकार बाईंनी त्यांना विचारले, अणुबॉम्बला तुम्ही कसे तोंड द्याल? तळघरात लपणार नाही, उघड्यावर येईन, माझ्या मनात वैर नाही हे वैमानिकाला दिसू देईन, असे त्यांनी सांगितले. इतक्या उंचीवरून त्याला आपले चेहरे दिसणार नाहीत हेही त्यांनी मान्य केले. प्रार्थना मात्र त्याच्यापर्यंत पोचेल, असा त्यांचा विश्वास होता.

व्यवहारी माणूस इथे हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच चूक नाही. आज तर क्षेपणास्त्रात वैमानिकही नसतो. पण या उत्तरातून अण्वस्त्राचा एक गुण नेमका हाती लागतो. सत्याग्रहाची सगळी पद्धत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांवर बेतलेली आहे. लाठी उगारणाऱ्या शिपायाला मार खाणाऱ्याचे डोळे दिसतात, म्हणून त्याचा हात कधीतरी अडखळतो. अण्वस्त्राची रचनाच अशी की मारणाऱ्याला मरणारा दिसू नये. हात अडखळण्याची शक्यता आधीच काढून टाकलेली असते.

सेवाग्राम आणि हिरोशिमा यांच्यात एक जिवंत धागाही आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा एक शिष्य आश्रमात राहिला. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्याला अटक केली. मंत्र म्हणताना तो वाजवत असे ती डफली थांबली, पण तो जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा राहिला. आजही सेवाग्रामची प्रार्थना त्या मंत्राने सुरू होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून सरकारने ज्याला नेले, त्याचे शब्द आश्रमाने आपल्या तोंडी ठेवले. फुजी गुरुजींनी युद्धानंतरचे आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध लढण्यात आणि शांतिस्तूप उभारण्यात घालवले. वर्ध्यात गीताई मंदिराजवळचा पांढरा विश्वशांती स्तूप त्यांच्याच परंपरेतला.

डिसेंबर १९४९ मध्ये, गांधीजींच्या हयातीतच ठरलेली जागतिक शांततावादी परिषद शांतिनिकेतनात सुरू होऊन सेवाग्रामात संपली. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते. पाहुण्यांत इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या. ऐन महायुद्धात, स्वतःच्या देशाची विमाने जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकत असताना, त्याविरुद्ध लिहून त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला होता. त्यांचा मुद्दा सेवाग्रामच्या चर्चेला साजेसा होता. शहरातल्या निःशस्त्र माणसांना लक्ष्य करणे हिरोशिमाच्या आधीच रुळले होते. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर एका रात्रीत टाकलेल्या साध्या आगलाव्या बॉम्बांनी लाखाच्या आसपास माणसे मारली होती. अणुबॉम्बने ती सवय फक्त स्वस्त आणि झटपट केली. परिषद भरली तेव्हा सोव्हिएत रशियाच्या पहिल्या अणुचाचणीला, २९ ऑगस्ट १९४९ ला, जेमतेम चार महिने झाले होते. अमेरिका आणि रशिया दोघांच्याही हाती बॉम्ब आल्यामुळे परस्परांच्या धाकाचे युग नुकतेच सुरू झाले होते.

पवनार : उलटा युक्तिवाद

विनोबा १९३८ पासून पवनारला होते. अण्वस्त्रांबद्दलचे त्यांचे म्हणणे ऐकून पहिल्यांदा कोणीही बुचकळ्यात पडेल. मला अणुबॉम्बची भीती वाटत नाही, भीती वाटते ती लाठी, तलवार, बंदूक या छोट्या शस्त्रांची, असे ते वारंवार सांगत. त्यांचे कारण असे. छोट्या हिंसेतून काहीतरी मिळवता येते असे माणसाला वाटत राहते. जमीन मिळते, सूड मिळतो, सत्ता मिळते. अणुयुद्धातून कोणालाच काही मिळत नाही. म्हणून हिंसा जितकी टोकाला जाईल तितकी ती अहिंसेच्या दाराशी येते. विज्ञानाने हिंसेची सोबत केली तर सर्वनाश, अध्यात्माची केली तर सर्वोदय. मधली वाट विज्ञानानेच बंद केली आहे.

हे बॉम्बचे समर्थन नव्हते. त्यांच्याच आशीर्वादाने सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण १ जून १९६२ रोजी दिल्लीतून पायी निघाले. खिशात पैसा ठेवायचा नाही, हा विनोबांचा सल्ला पाळत त्यांनी मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी राजधान्या गाठल्या. तरीही तर्क म्हणून पाहिले तर विनोबांचे म्हणणे गांधीजींच्या म्हणण्याच्या बरोबर उलट जाते. अमेरिकी मित्रांची जी आशा गांधीजींनी मोडीत काढली, तिच्याशी विनोबांच्या आशेचे नाते आहे. भयंकरतेनेच माणूस शहाणा होईल, हे दोन्हीकडचे सूत्र. फरक इतकाच की, विनोबांना त्या शहाणपणातून निःशस्त्रीकरण हवे होते, आणि धाकाच्या शास्त्रकारांना फक्त जैसे थे.

दोघांपैकी बरोबर कोण? याचा पुरावा शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

पुलगाव : छोटी शस्त्रे कुठे गेली?

भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिली अणुचाचणी केली. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पुन्हा. त्याच महिन्यात, २८ आणि ३० मे रोजी, पाकिस्तानने बलुचिस्तानात चाचण्या करून उत्तर दिले. आता दोन्ही देशांत युद्ध अशक्य झाले, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. वर्षभरात कारगिल झाले आणि भारताचे ५२७ जवान धारातीर्थी पडले. मोठे युद्ध होणार नाही याची दोन्ही बाजूंना खात्री असली की छोटे युद्ध, घुसखोरी, दहशतवादी हल्ला हे सगळे परवडणारे वाटू लागते. अभ्यासकांनी या विसंगतीवर पुष्कळ लिहिले आहे. विनोबांना ज्यांची भीती होती ती छोटी शस्त्रे मोठ्या शस्त्राच्या छायेत निवांत वाढली.

पुलगावचे भांडार याच छोट्या शस्त्रांचे आहे. तोफगोळे, सुरुंग, काडतुसे इथे साठवली जातात आणि इथून देशभर जातात. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका गोदामाला आग लागली. रणगाडाविरोधी सुरुंगांच्या स्फोटांनी आगरगावसारखी भोवतालची गावे हादरली, लोक लेकराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पडले. आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी, जवान आणि अधिकारी मिळून पंधराहून अधिक जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी भांडाराजवळच्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. मृतांत आसपासच्या गावांतले मजूर होते. लढाई कुठेच चालू नव्हती. त्यांचे काम पेट्या उतरवण्याचे आणि खड्डे खणण्याचे. त्यांच्या रोजीची आणि त्या दारूगोळ्याच्या सामर्थ्याची तुलनाच होऊ शकत नाही.

यातून एक साधा निष्कर्ष निघतो. अण्वस्त्रांमुळे साध्या शस्त्रांवरचा खर्च, धोका आणि मृत्यू कमी झाले, हा दावा आपल्या उपखंडात टिकत नाही. धाकाने फार तर एका प्रकारचे युद्ध टळले असेल. बाकीची किंमत चालूच आहे, आणि ती सहसा अशा माणसांकडून वसूल होते ज्यांना कोणी काही विचारलेले नसते. झारखंडातल्या जादुगोड्याला अणुकार्यक्रमासाठी युरेनियमची खाण आहे. तिच्या गाळाच्या तलावांलगत संथाळ आणि हो आदिवासींच्या वस्त्या आहेत. मार्शल बेटांवरच्या लोकांनी १ मार्च १९५४ च्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख अंगावर झेलली. एकही बॉम्ब शत्रूवर न टाकता ही माणसे धाकाच्या हिशेबात जमा झाली.

धमकी द्यायची, पण पाळायची का?

आता मूळ गाठीकडे येऊ. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले भारताचे अण्वस्त्र धोरण थोडक्यात असे : आपण पहिला वापर करणार नाही, विश्वासार्ह पण किमान साठा ठेवू, आपल्यावर अणुहल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसवणार नाही इतके नुकसान करील, निर्णय लोकनियुक्त राजकीय नेतृत्वाचाच असेल. पहिला वापर न करण्याची हमी ही या धोरणाची नैतिक जमेची बाजू. ‘प्रचंड प्रत्युत्तर’ ही त्याची सर्वांत जड बाजू.

समजा, धाक अपयशी ठरला. आपले एक शहर गेले. आता प्रत्युत्तर द्यायचे. पण प्रत्युत्तराने गेलेले शहर परत येत नाही. ज्यासाठी धमकी दिली होती तो हेतू त्या क्षणी संपलेला असतो. मागे उरतो फक्त सूड, आणि तो उगवला जातो शाळेत गेलेल्या मुलांवर, दवाखान्यातल्या रुग्णांवर, भाजीबाजारात उभ्या असलेल्या बायांवर. त्यांनी युद्ध पुकारलेले नसते आणि थांबवण्याची ताकदही त्यांच्याकडे नसते. म्हणजे धमकी देणे एक वेळ उपयोगाचे असेल. ती पाळणे निरुपयोगीही आहे आणि अधर्मही.

ग्रेगरी कावका या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये या गाठीची फोड केली. एखादे कृत्य करणे वाईट असेल तर ते करण्याचा संकल्प धरणेही वाईट, हे आपण सगळे मानतो. इथे मात्र तो वाईट संकल्प धरल्यानेच ते कृत्य टळण्याची शक्यता वाढते. मग सज्जन माणसाने काय करावे? कावकाचे उत्तर अस्वस्थ करणारे होते : धाक खरा वाटायचा तर तो खरोखर मनात असावा लागतो, म्हणजे सज्जनाला स्वतःला मुद्दाम बिघडवावे लागते.

यावर सुचणारी पहिली पळवाट म्हणजे थाप मारणे. धमकी द्यायची, मनात मात्र ठेवायचे नाही. एकट्या माणसाला हे जमेल. राज्ययंत्रणेला जमत नाही. अण्वस्त्रांमागे हजारो शास्त्रज्ञ, अभियंते, सैनिक असतात. आदेश आला की प्रश्न न विचारता तो अमलात यावा, याचेच प्रशिक्षण त्यांना दिलेले असते. थाप पंतप्रधानाच्या मनात राहील. पाणबुडीत बसलेल्या अधिकाऱ्याला ती कळवता येत नाही, कारण कळवली की ती शत्रूलाही कळते. म्हणून चांगल्या घरातल्या, चांगल्या संस्कारांच्या तरुणांना लाखोंच्या संहारासाठी सदैव तयार ठेवणे हा धाकाचा रोजचा व्यवहार आहे. गांधीजींनी जे दुसरे खाते उघडले होते, त्यातली ही सर्वांत मोठी नोंद.

दुसरी पळवाट म्हणजे आणीबाणी. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये असे मांडले की, राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागते तेव्हा नेहमीचे नियम मोडावे लागतात, पण मोडणाऱ्याने आपण नियम मोडला हे विसरू नये. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ८ जुलै १९९६ च्या सल्ल्यात अण्वस्त्रांची धमकी आणि वापर सामान्यतः बेकायदा ठरवला. मात्र अस्तित्वाच्या टोकाच्या संकटात काय, यावर निश्चित उत्तर दिले नाही. न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. अडचण अशी की, ही आणीबाणी ऐंशी वर्षे चालू आहे. इतके दिवस चालणाऱ्या गोष्टीला आणीबाणी म्हणत नाहीत. ती घडी बसलेली व्यवस्था असते.

समोरच्या बाजूचे खरे बळ

धाकाच्या समर्थकांना मूर्ख किंवा क्रूर समजणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. १९६२ मध्ये चीनकडून हार पत्करलेल्या भारताने दोनच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६४ ला, चीनची अणुचाचणी पाहिली. १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांत सहभागी असलेले अनिल काकोडकर गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक आईवडिलांच्या घरात वाढले. ज्या घरात चरखा होता त्याच घरातून अणुशास्त्रज्ञ निघाला, हा आपल्या देशाचा प्रामाणिक इतिहास आहे.

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा : सत्याग्रही स्वतःचा जीव देऊ शकतो, पंतप्रधान इतरांचे जीव देऊ शकत नाही. अहिंसेच्या प्रयोगासाठी कोट्यवधी नागरिकांना पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? या मुद्द्याला हलके उत्तर नाही, आणि म्हणूनच एकतर्फी निःशस्त्रीकरणाची मागणी बहुतेकांच्या गळी उतरत नाही. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राजाजी आणि राजेंद्रप्रसाद जून १९६२ च्या दिल्लीतल्या अण्वस्त्रविरोधी परिषदेत होते आणि सप्टेंबरमध्ये राजाजी स्वतः अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भेटून चाचणीबंदीसाठी बोलले. पण ऑक्टोबरमध्ये क्युबाच्या पेचाने जग विनाशाच्या काठावर गेले आणि त्याच महिन्यात चिनी सैन्य सीमेवरून आत आले.

मात्र हाच मुद्दा उलटूनही विचारता येतो. आपल्या नागरिकांचे जीव पणाला लावण्याचा अधिकार नाही, तर सीमेपलीकडच्या मुलांचे जीव ओलीस ठेवण्याचा अधिकार कुठून आला? शिवाय धाकात आपलेही नागरिक पणाला लागतातच, फक्त नशिबाच्या हवाली. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहयंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले. स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने हा यंत्राचा दोष आहे असे मानले आणि तो बरोबर ठरला. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने यंत्र फसले होते. फार लांब जायला नको. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटकाग्र नव्हते, कोणी दगावले नाही, पाकिस्ताननेही संयम राखला. हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. या गोष्टी सुखरूप पार पडल्या याचे श्रेय धाकाला देता येत नाही. धाकामुळेच त्या जीवघेण्या होत्या.

नागरिकाने काय मागावे

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे होती. जगात १२ हजारांहून अधिक. ती उद्या नाहीशी होणार नाहीत. पण त्यांचा नैतिक भार कमी-जास्त करणे आपल्या हातात आहे. पहिला वापर न करण्याची हमी पातळ होऊ देऊ नये. ‘प्रचंड’ प्रत्युत्तराचा फेरविचार व्हावा. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा भारत-पाक करार १९८८ चा आहे आणि त्यानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण करतात. संबंध कितीही ताणले तरी असे धागे तुटू देऊ नयेत. आणि पुलगावच्या मजुरापासून जादुगोड्याच्या आदिवासीपर्यंत, ज्यांनी किंमत मोजली त्यांचा हिशेब संरक्षणाच्या हिशेबात धरला जावा.

मे १९९८ मध्ये चाचण्यांची बातमी आली तेव्हा अनेक शहरांत फटाके वाजले आणि मिठाई वाटली गेली. अण्वस्त्रे बाळगणे आज अपरिहार्य आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तसे जरूर म्हणावे. त्यामागे भीती आहे, इतिहास आहे, जबाबदारीही आहे. पण परक्या शहरातल्या निरपराध माणसांना मारण्याची तयारी आपण आपल्या सर्वांच्या नावाने ठेवली आहे, हे त्याने विसरू नये. अपरिहार्य म्हणून केलेली गोष्ट पुण्याची ठरत नाही. तिच्यासाठी पेढे वाटू नयेत.